गजराक्काची बारीक चकती

नदीकाठी एक गाव होतं. त्या गावाच्या वरच्या आळीत गजराबाई नावाची एक बाई राहायची. आळीतल्या सगळ्या तिला गजराक्का म्हणायच्या. तिच्याकडे शेवयांचं यंत्र होतं, हातानं दांडा फिरवायचं. सगळ्या आळीत तेवढं एकच.

तुम्ही कधी शेवया केल्यात का? दुकानातलं पुडकं फोडणं म्हणजे शेवया करणं नव्हे, बरं का! गहू ओलवायचे, दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं. ते घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली मुरत ठेवायचं. मग तेलाचा हात लावून खांदे दुखेपर्यंत तिंबायचं. यंत्र बाजेच्या कडेला आवळून बसवायचं. एकीनं वरून गोळा घालायचा, दुसरीनं दांडा फिरवायचा, आणि खालच्या चकतीतून शेवया उतरू लागल्या की तिसरीनं त्या काठीवर झेलून सावलीत वाळत घालायच्या. तिघींतली एक जरी उठली तरी सगळा खोळंबा. म्हणून चैत्र लागला की आळीत सावड पडायची. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. यंत्र गजराक्काचं, पण ते सगळ्यांच्या अंगणात फिरायचं.

यंत्राला दोन चकत्या होत्या. एक जाड भोकांची, घरच्या खाण्यासाठी. दुसरी पितळेची, बारीक भोकांची. लग्नाच्या रुखवतात ठेवायच्या शेवया या बारीक चकतीच्या. रुखवत मुलीकडच्यांनी मांडायचं आणि मुलाकडच्या बायकांनी ते उचलून, वाकवून, डोळ्यांजवळ नेऊन बघायचं, अशी तिकडची रीत. शेवई जितकी बारीक, तितकी मुलीची आई हाताची चांगली. आता यात मुलीचा काय संबंध, असं विचाराल तर मलाही सांगता यायचं नाही.

गजराक्का मनानं वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. कुणाकडे बाळंतीण असली की पहिली धावत जायची ती हीच. पण शेवयांचा विषय निघाला की तिची मान ताठ व्हायची. तिच्या शेजारी तानूबाई राहायची. कष्टाळू बाई. पीठ असं तिंबायची की शेवयांची तार म्हणून तुटायची नाही. एकदा आळीत आलेली एक पाहुणी खीर खाता खाता सहज बोलून गेली, "यंत्र गजराचं खरं, पण शेवया खाव्यात त्या तानूच्याच!"

झालं! ते वाक्य गजराक्काच्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच.

पुढच्या चैत्रात तानूच्या लेकीचं, मंजुळेचं लग्न ठरलं. तानू यंत्र न्यायला आली. गजराक्कानं यंत्र काढून दिलं, जाड चकती दिली आणि म्हणाली, "बारीक चकती गेली गं बाई. घासायला नदीवर नेली होती. हातातून निसटली, डोळ्यांदेखत डोहात गेली."

चकती कुठं होती माहीत आहे? ज्वारीच्या कणगीत, कोपरभर खोल.

तानूला वाटलं, डोहात गेली म्हणजे डोहातच असणार. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. ती पदर खोचून पाण्यात उतरली. पायानं चाचपली, बुडी मारून हातानं चिखल उपसला. सकाळची दुपार झाली. गजराक्का काठावर उभी राहून म्हणत होती, "जाऊ दे गं तानू, नशिबात नव्हती म्हणायचं." आणि असं म्हणताना तिची जीभ अडखळलीसुद्धा नाही.

शेवटी मंजुळेच्या रुखवतात जाड शेवया गेल्या. नवऱ्या मुलाच्या आत्यानं एक उचलली, सगळ्यांना दाखवली आणि म्हणाली, "अगं बाई, ह्या शेवया म्हणायच्या की सुतळी? बाज विणायला बरी आहे!" मांडवातल्या बायका हसल्या. मंजुळेनं मान खाली घातली. तानू चुलीपाशी होती, तिनं ऐकलं. गजराक्कानंही ऐकलं. तिला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. पण त्या दिवशी तिला जेवण काही गोड लागलं नाही.

नाव ठेवलं की ते चिकटतं. सासरी मंजुळेला सगळे सुतळीच म्हणू लागले. सुतळे, भाकरी टाक. सुतळे, पाणी आण. नागपंचमीला माहेरी आली तेव्हा पोरगी आईच्या मांडीत डोकं घालून रडली. "आई, त्या घरात माझं नावच कुणी घेत नाही गं." तानूनं हे कुणाला सांगितलं? गजराक्कालाच. दुसरं कोण होतं तिला! तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आळी हसेल, तानू तोंड फिरवेल, या भीतीनं गजराक्कानं विषय बदलला.

वर्ष फिरलं आणि गजराक्काच्या स्वतःच्या लेकीचं, इंदूचं लग्न ठरलं.

आळीतल्या बायका विचारू लागल्या, "अक्का, शेवयांना कधी बसायचं?" आता आली का पंचाईत! बारीक चकती घरात आहे, पण बाहेर काढायची कशी? सापडली म्हणावं तर ती डोळ्यांदेखत डोहात गेलेली. डोहातून चालत येऊन कणगीत बसली म्हणायचं की काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

एका दुपारी आळी आडवी झाल्यावर गजराक्कानं दाराला कडी घातली. बाज आत ओढली, यंत्र आवळलं, बारीक चकती बसवली. एका हातानं गोळा घातला, दुसऱ्या हातानं दांडा फिरवला. शेवया सुरेख उतरल्या. उतरल्या आणि गेल्या जमिनीवर, कारण झेलायला कुणी नव्हतं. झेलायला धावली तर दांडा थांबला आणि तार तुटली. दांडा फिरवला तर खाली गुंता झाला. घामाघूम झालेली बाई शेवटी त्या चिकट ढिगाऱ्यासमोर बसून राहिली. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की शेवया जमल्या असत्या तरी वाळत कुठं घालणार होती? अंगणातच ना? रुखवतात मांडून कुणाला दाखवणार होती? सगळ्या गावालाच ना? तिनं चकती पुसली आणि परत ज्वारीत खुपसली.

दुसऱ्या दिवशी दारात तानू उभी. तोंड उन्हानं लाल झालेलं, पायांवर धूळ, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"अक्का, माझ्या भावजयीनं यंदा यंत्र घेतलंय. तिची बारीक चकती मागून आणली. आपल्या इंदूपुरती."

"तू माहेरी गेली होतीस? एवढ्या उन्हात? चालत?"

"मग काय करू? बसवून बघ आधी."

बसवून बघितली. चकती बसेना. जरा मोठी होती. तानूनं फिरवून बघितली, उलटी करून बघितली, तळहातानं ठोकून बघितली. मग ती तशीच खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"माझंच मेलीचं चुकलं. माप घेऊन जायला हवं होतं. पण तू काळजी करू नकोस, अक्का. पलीकडच्या गावात एकीकडे यंत्र आहे म्हणतात. उद्या तिकडे जाते. माझ्या मंजुळेला सुतळी म्हणतात तेवढं पुरे झालं. इंदूला कुणी म्हणायचं नाही."

गजराक्काला आता राहवेना. ती उठली, कणगीपाशी गेली, हात ज्वारीत घातला आणि चकती काढून तानूच्या समोर ठेवली.

"डोहात पडली नव्हती, तानू. मी लपवली होती. तुझ्या शेवया माझ्याहून चांगल्या होतात म्हणून."

तानू हळूच म्हणाली, "मी डोहात उतरले होते, अक्का. आणि तू काठावर उभी होतीस."

एवढंच बोलून ती निघून गेली. गजराक्का त्या रात्री जेवली नाही. इंदूनं विचारलं, तेव्हा तिनं लेकीला सगळं सांगून टाकलं. इंदू रागावली. मग रडली. मग म्हणाली, "आई, माझ्या रुखवतात शेवया नसल्या तरी चालतील मला."

सकाळी तानू आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली. "एवढ्यात जायचाही नाही. पण इंदू माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय. तिच्या शेवयांना मी बसेन. त्याआधी तू मंजुळेच्या सासरी जायचं आणि जे मला सांगितलंस ते तिथं सगळ्यांसमोर सांगायचं."

गजराक्का उंबऱ्यापर्यंत आली. "तानू, इंदूचं लग्न तोंडावर आहे. त्या घरातली गोष्ट इंदूच्या सासरी पोचायला कितीसा वेळ लागतो? लग्नाआधीच आईची अशी कीर्ती झाली तर?"

"तर?" तानू म्हणाली.

मंजुळेनं वर्षभर सोसलं, तेव्हा असला "तर" कुणी विचारला होता? गजराक्कानं पायात वहाणा घातल्या आणि ती निघाली.

मंजुळेच्या सासरी ओसरीवर बायका गहू निवडत बसल्या होत्या. सासू होती, ती मांडवातली आत्याही होती. गजराक्कानं बसायला दिलेल्या पाटाला हात लावला नाही. उभ्यानंच तिनं सांगितलं. चकती कशी लपवली, खोटं कसं बोलली, तानू पाण्यात कशी शोधत राहिली, सगळं. शेवटी ती म्हणाली, "तानूसारखा हात आमच्या सगळ्या आळीत कुणाचा नाही. जाड शेवया आल्या त्या माझ्यामुळं. सुतळी म्हणायचं असेल तर मला म्हणा. त्या पोरीला म्हणू नका."

आत्या सुपातल्या गव्हांत बोटं फिरवत राहिली. "आम्ही आपलं थट्टेनं म्हणत होतो," ती पुटपुटली.

"तुम्ही थट्टा केलीत, आत्याबाई. रडली ती पोरगी," गजराक्का म्हणाली.

सासूनं सूप बाजूला ठेवलं. गजराक्काकडे नीट बघितलं. मग घराच्या आत तोंड करून हाक मारली, "मंजुळा! अगं मंजुळा, तुझ्या माहेरच्या आल्यात. पाणी घेऊन ये."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मंजुळा तांब्या घेऊन बाहेर आली. तिची मान वर होती.

गजराक्का परत आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिच्या अंगणात बाज टाकलेली होती आणि यंत्र आवळून बसवलं होतं. तानू तिंबलेल्या पिठाचे गोळे करत होती. इंदू काठी धरून बसली होती. तानूनं वर बघितलं नाही.

"काय म्हणाली विहीण?"

"'मंजुळा' म्हणाली. नावानं हाक मारली तिला."

तानूनं पिठाच्या हातानंच पदर डोळ्यांना लावला. मग गोळा यंत्रात घातला.

"फिरव दांडा," ती म्हणाली. "पीठ वाळतंय."

तात्पर्य: दुसऱ्याला मिळू नये म्हणून लपवलेली वस्तू आपल्यालाही उजेडात वापरता येत नाही. आणि आपल्या खोट्यामुळे ज्याचं नाव गेलं, त्याचं नाव चारचौघांत परत मिळवून दिल्याशिवाय माफी पुरी होत नाही.