कुंचीतला वरवंटा

गोदाक्का घरात सगळ्यांत थोरल्या, त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. बारशाला पाहुणे जमल्यावर त्यांनी फर्मावलं, "रिया नाव ठेवायचं नाही. ग्रीकांच्या देवीशी आपला काय संबंध? भागीरथी ठेवा."

बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या वहिनीचे डोळे भरले. नाव तिने हौसेने निवडलं होतं. बाळाच्या कानात ते सांगायचा मान आत्याचा, म्हणजे दहावीतल्या शाल्मलीचा. ती चारचौघांत कधी बोलत नसे.

रिवाजाप्रमाणे बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून फिरवायचा होता. शाल्मलीने तो अक्कांच्या हातात दिला. अक्कांनी कौतुकाने छातीशी धरला.

"अक्का, ग्रीकांचा एक देव स्वतःचीच बाळं गिळायचा," शाल्मली हळूच म्हणाली. "रिया त्याची बायको. शेवटच्या बाळाच्या वेळी तिने दगड दुपट्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला. त्याने तो गिळला, बाळ वाचलं."

"मग? आपल्याकडे असलं काही नसतं."

"तुमच्या हातात काय आहे, अक्का?"

अक्कांनी कुंचीत पाहिलं. बायका पदराआड हसल्या. तेवढ्यात शाल्मली बाळाच्या कानाशी वाकली. "कुर्रर्र, रिया."

"अगं, हे काय केलंस?"

"रियाने केलं तेच. दगड तुम्हाला दिला, बाळ वाचवलं."