मेदाईचं घर

त्या राज्यात तीन थर होते, आणि वरचा सोडून बाकी कुणाचं नाव घ्यायची रीत नव्हती. वर कांती राहायची. ऊन, वारा, कौतुक, सगळं तिच्याच अंगणात. मधे विणकरांची वस्ती होती. धागे ताणून कांतीचा थर नीट बसवायचा, एवढंच त्यांचं काम. सर्वांत खाली मेदाई आपल्या भल्यामोठ्या गोतावळ्यासह नांदत होती. सगळी पिवळी, मऊ, गुबगुबीत माणसं. थंडी पडली की ती एकमेकांना चिकटून बसत आणि अख्खं राज्य उबदार राही.

राज्याचा एक रिवाज होता. दुष्काळ पडला की वरून हाक यायची, आणि हाक आली की मेदाईने घरातलं माणूस द्यायचं. ते माणूस वितळून जाई, त्यावर राज्य जगे. मेदाई डोळे पुसून कामाला लागे. सुगीत घर पुन्हा भरायचं, त्यामुळे यात कुणाला काही क्रूर वाटत नसे. निदान वर तरी.

एकदा कांतीने तळ्यात स्वतःला पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. "राज्य फुगलंय. त्या खालच्यांमुळे!"

तिने अन्नाची वेस बंद केली. बाहेर शेतं पिकलेली आणि खाली दुष्काळाची हाक रोज. मेदाईची माणसं निमूट उठून जात राहिली. हाकेला नाही म्हणता येतं, हे त्या भाबड्यांना ठाऊकच नव्हतं. राज्य सडपातळ दिसू लागलं आणि कांतीचं कौतुक वाढलं.

शेवटी मेदाईच बोलली. "बाईसाहेब, घरात आता मी आणि धाकटी सून, दोघीच उरलोय. मला नुसतं कोठार समजू नका. तुमच्या आणि हाडाच्या मधे मीच पसरलेय."

"हाड? हे कोण? माझ्याकडे कधी आल्याचं आठवत नाही."

"मी येऊ दिलं नाही म्हणून."

"पुरे तुझं रडगाणं. आधी सुनेला पाठव."

सून गेली. मग मेदाई गेली. निदान तिच्यासाठी कुणी रडायला हवं होतं, पण रडणारं कुणी घरात उरलंच नव्हतं.

विणकरांचे धागे सैल पडले. राज्य गारठलं, आजारी पडलं आणि अंथरुणाला खिळलं. हाडाचा सगळा भार आता कांतीवर आला.

"मेदाई, जरा इकडे सरक गं. टोचतंय." कांती विनवू लागली. खालून कुणी सरकलं नाही. हाडाचा तिच्यावर राग नव्हता. ते आपल्या जागीच होतं. कांती आधी लाल झाली, मग काळवंडली.

एका सकाळी कुणीतरी हलक्या हाताने राज्याला कुशीवर वळवलं. कांती फाटली होती. त्या भोकातून मेदाईच्या घरात पहिल्यांदाच उजेड पडला, आणि आत पांढरं हाड दिसलं.