सगुणाच्या शेवंतीवरच्या अळ्या

“माई, त्या सगुणाला कोणतं औषध दिलंत तुम्ही?”

माई आश्रमाच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कसलं औषध, वेणू?”

“शेवंतीवरचं. परवापरवापर्यंत तिच्या झाडावर काळा मावा नुसता लगडला होता. आज एक किडा नाही! माझ्या कळ्या मात्र चिकट झाल्यात. कडुनिंबाचं पाणी मारून हात दुखले माझे.”

“बरं मग?”

“मग काय! कालची आलेली पोर ती. उद्या उत्सवात तुमच्या आसनाशेजारी तिची कुंडी लागणार. दरवर्षी माझी लागते.”

“मी काही दिलं नाही तिला.”

“लाडकी आहे ना तुमची… सांगणार कशाला!”

माई हसल्या.

“तिच्या कुंडीत कुणीतरी अळ्या आणून सोडल्या. दुपारी, सगळ्या निजल्या असताना. काळ्या, खरखरीत, अंगावर केशरी ठिपके.”

वेणूने मेथीची एक काडी उचलली.

“तिने फेकल्या नाहीत?” तिने हळूच विचारलं.

“नाही. असू दे म्हणाली, जीव आहे. त्यांनी सगळा मावा खाऊन टाकला. लाल, ठिपक्याठिपक्यांचे किडे असतात ना, त्यांची पिल्लं ती.”

“…मावा खातात त्या?”

“तेवढंच खातात. तुझ्या झाडावर इतका मावा, आणि तशी एकही अळी कशी नाही गं?”

वेणूने पदर तोंडाशी धरला.

“होत्या, माई. मीच एकेक वेचून तिच्या झाडावर सोडल्या. घाणेरड्या दिसत होत्या. वाटलं, तिची पानं कुरतडतील…”

माईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“आता तिला सांगाल?” वेणूने विचारलं.

“मी कशाला सांगू? ज्याने अळ्या आणल्या त्याचं भलं होवो, म्हणून ती रोज एक माळ जपते.”

“माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठी. ती माळ थांबवायची असेल, तर तूच जाऊन तिला सांग.”

संध्याकाळी वेणू सगुणाकडे गेली…

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंच्या आसनाशेजारी सगुणाची शेवंती होती. जड कुंडी दोघींनी मिळून उचलून आणली. वेणूचे डोळे सुजले होते, आणि सगुणा तिच्याशी बोलत नव्हती.