वरून चकचकीत

शिरसवाडीच्या नव्या रस्त्याखाली मुरूम-खडीऐवजी रानातली काळी माती पडू लागली. कंत्राट आमदार भुजंगरावांच्या मेव्हण्याचं.

"पावसात ही माती फुगेल, बाळंतिणीची गाडी रुतेल," सरपंच द्वारकाबाई म्हणाल्या.

आमदार हसले. "बाई, वर डांबर चकचकीत दिसलं की झालं. खालचं कोण बघतंय?"

उद्घाटनाला बाईंनी भराव टाकून स्टेज केलं आणि त्यावर पातळ लाल गालिचा अंथरला. आमदारांनी ऐटीत पाय टाकला आणि गालिचा फाटून तो घोट्यापर्यंत आत गेला.

"खाली काय भरलंय हे?" ते ओरडले.

"तुमच्याच रस्त्याची माती, साहेब. सकाळी फक्त पाणी मारलं," बाई माइकवरून म्हणाल्या. "पण गालिचा कसा झकास दिसतोय! चढा बिनघोर, खालचं कोण बघतंय?"

अख्खं गाव बघत होतं. आमदारही वाकून बघत होते, कारण त्यांचा एक बूट खालीच राहिला होता.