दारातला बर्फ

“अहंकार काढायचा तर सुरुवात कुठून करायची, बुवा?”

हेरंब सबनीसने हे विचारलं तेव्हा हातातला चहा संपत आला होता. कॅनडातली सकाळ, आणि बाहेर रात्रभर पडलेला बर्फ. त्याच्या बायकोचे, ऋजुताचे, दिवस भरत आले होते. घरात कोणी वडीलधारं असावं म्हणून तिनेच हट्टाने वाईहून अच्युतबुवांना बोलावून घेतलं होतं.

बुवा खिडकीबाहेर बघत होते.

“आधी गाडी निघेल एवढा बर्फ काढ,” ते म्हणाले.

“त्याची काळजीच सोडा. माझ्याकडे मशीन आहे!”

होतंच. बर्फ ओढून बाजूला भिरकावणारं, बॅटरीवर चालणारं, नवंकोरं. हेरंब हुशार माणूस, नाही कोण म्हणतो? पण त्या हुशारीचं सगळ्यात जास्त कौतुक त्यालाच. मशीन आलं त्याच दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याला त्याने सांगून टाकलं होतं, उद्यापासून येऊ नका, आता आम्हाला मदत लागणार नाही. आठ हिवाळे तो बिचारा आपलं पेट्रोलवरचं जुनं धूड ढकलत यायचा आणि यांचंही दार मोकळं करून द्यायचा.

हेरंबने उंबऱ्यापासून सुरुवात केली. आपल्याकडे अंगण झाडतात तसं, घराकडून रस्त्याकडे, कडेकोपऱ्यांसकट. खालचं डांबर लख्ख दिसेपर्यंत स्वारी पुढे सरकेना.

“हेरंब! अरे, कळा सुरू झाल्यात!” घरातून ऋजुताची हाक आली.

अँब्युलन्सला फोन केला, तर म्हणे तासभर तरी लागेल. गाडीची वाट जिथे रस्त्याला मिळते, तिथे हेरंब धावत गेला. तिथे पालिकेच्या गाडीने रस्ता साफ करताना सगळा बर्फ या वाटेच्या तोंडाशी लोटून ठेवला होता. कमरेइतका बांध, दगडासारखा घट्ट.

मशीन त्यात घुसलं, गुरगुरलं, आणि थांबलं. बॅटरी संपली.

हेरंबने फावडं घेतलं. चार ढेकळं निघाली. घरातून ऋजुताचं कण्हणं ऐकू येत होतं. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

बुवा त्याचे बूट घालून बाहेर आले होते. त्यांनी शेजारच्या घराकडे बघितलं.

“हाक मार.”

“कशी मारू, बुवा? मीच त्यांना नको म्हटलंय…”

“अरे, बॅटरी मशीनची संपलीय. तुझा घसा चालतोय ना?”

हेरंबने पुन्हा फावडं उचललं.

मग बुवा खाली बसले आणि दोन्ही हातांनी बर्फ उपसायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातांत मोजेसुद्धा नाहीत.

हेरंबने हाक मारली. मोठ्याने, अगदी घसा ताणून.

म्हातारा क्षणात दारात. कोट अंगात, टोपी डोक्यावर, धूड हाताशी. तो खिडकीतून सगळं बघतच होता म्हणे. पण नको म्हटलेल्या घरी बोलावल्याशिवाय जायचं कसं? त्याने आधी बुवांना हाताला धरून उठवलं, मग धूड सुरू केलं. पेट्रोलचा वास सुटला, बांध फुटला, आणि ऋजुताला घेऊन हेरंबची गाडी निघाली. गाडी वळणाआड जाईपर्यंत म्हातारा हात हलवत होता.

दुपारी फोन वाजला.

“बुवा, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. सुटलो हो, बुवा…”

हेरंब हसत होता का रडत होता, कळत नव्हतं. बुवांनीही हुश्श केलं. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

“बुवा, तिचं नाव तुम्हीच ठेवा.”

“ठेवू की. आज धावून आले त्या आजोबांचं नाव काय रे?”



“बुवा… ते… कधी विचारलंच नाही.”

“मग पोरीचं बारसं बाराव्या दिवशी करू,” बुवा म्हणाले. “आजोबांचं आजच उरकून घे.”