बेचाळीस कंबरा आणि एक फलक

एका गावात केरबा नावाचा एक शेतकरी राहत होता. माणूस वाईट नव्हता. तो कुणाचं वाईट चिंतायचा नाही, कुणाच्या बांधावरची काडीही उचलायचा नाही. त्याला फक्त दोन गोष्टी मनापासून आवडायच्या, सकाळी उशिरापर्यंत लोळणं आणि चारचौघांत आपलं नाव निघणं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधत नाहीत. केरबाचं सगळं दुःख एवढंच होतं.

त्या गावात इर्जिकीची चाल होती. एखाद्याच्या शेतातलं काम अंगावर आलं, की सगळ्यांनी मिळून ते एका दिवसात उरकायचं. मजुरी कुणी घ्यायची नाही, मालकानं दुपारी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. पूर्वी इर्जिकीचा निरोप दारोदार जायचा. मग ग्रामपंचायतीनं एक विजेचा फलक आणून चावडीसमोर उभा केला. ज्याला काम पडेल त्यानं घरबसल्या आपल्या फोनवरून फलकावर हाक टाकायची, आणि येणाऱ्यांनी त्याखाली ‘मी येतो’ लिहून नाव घालायचं. जेवढी नावं तेवढ्यांचा स्वयंपाक व्हायचा. आणि ज्याचं नाव सगळ्यांत वर, त्याला पंगतीत पहिलं पान मिळायचं.

पहिलं पान म्हणजे काही मोठी दौलत नव्हती. तीच आमटी आणि तोच भात. पण त्या पानावर बसलेल्या माणसाकडे सगळी पंगत बघायची, आणि केरबाचा जीव त्या बघण्यात अडकला होता. हाका पडायच्या भल्या पहाटे. केरबा डोळे चोळत फोन हातात घेईपर्यंत वीस-पंचवीस नावं लागलेली असायची, आणि तो बसायचा पंगतीच्या शेपटाला. तिथं आमटी यायची ती पातळ होऊन.

केरबाचा मेव्हणा सर्जेराव तालुक्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. हातात कसब होतं आणि जिभेवर साखर. केरबानं आपलं दुःख त्याच्यापुढे मांडलं. सर्जेराव म्हणाला, दाजी, एवढंच ना, आणि चहा निवायच्या आत त्यानं केरबाच्या फोनमध्ये एक करामत बसवून दिली. तिचं नाव त्यानं ठेवलं ‘हजरजबाबी’. फलकावर कुणाचीही हाक पडली, की दुसऱ्या क्षणी त्याखाली आपोआप उमटणार, ‘मी येतो. केरबा.’ केरबा तेव्हा घोरत असला तरी चालेल.

पुढच्या तीन इर्जिकींना केरबाचं नाव सगळ्यांत वर लागलं. तो गेला, राबला आणि पहिल्या पानावर ऐसपैस मांडी घालून जेवला. लोक म्हणाले, केरबा सुधारला. बायकोलाही, म्हणजे अनसाबाईलाही, नवल वाटलं. पण भांगलणीचे, म्हणजे पिकातलं तण काढायचे, दिवस आले आणि फलकावर रोज एक हाक पडू लागली. हजरजबाबी कुणालाच नाही म्हणेना. केरबाचे हात तर दोनच होते, आणि तेही फारसे उत्साही नव्हते.

त्यानं पुन्हा मेव्हण्याला गाठलं. सर्जेरावानं करामतीला आणखी एक शेपूट जोडलं. सकाळी नऊ वाजले आणि फोन अजून घरातच पडून आहे असं दिसलं, की फलकावर दुसरा निरोप आपोआप जाणार, ‘कंबरेत उसण भरली. येऊ शकत नाही. क्षमस्व. केरबा.’

अशा रीतीनं केरबाच्या कंबरेत रोज सकाळी नऊच्या ठोक्याला उसण भरू लागली.

गावाला त्याची कीव आली. सगळ्यांत जास्त कीव आली बायजाक्काला. बायजाक्का सत्तरीची, एकटी राहणारी आणि पायाळू. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. अशा माणसानं कंबरेत लाथ घातली की उसण जाते, असं तो गाव मानत आला होता, आणि बायजाक्काची लाथ पंचक्रोशीत नावाजलेली होती. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या सुनेनं केरबाचा निरोप वाचून दाखवला, की म्हातारी काठी टेकत निघायची. केरबा तेव्हा बाजेवर पडून शेंगा फोडत असायचा. तिला बघून त्याला विव्हळावं लागायचं, पालथं पडावं लागायचं आणि मग लाथ खावी लागायची. महिन्याभरात त्यानं अशा सहा लाथा खाल्ल्या. खरं बोलण्यापेक्षा त्याला लाथ परवडली.

गौरी-गणपतीला सर्जेराव बहिणीकडे चार दिवस राहायला आला. तो पारावर बसायचा आणि त्याच्याजवळ एकेक जण हळूच येऊन टेकायचा. काय कुजबुज चालायची ते केरबानं कधी विचारलं नाही. जाताना मात्र सर्जेरावाच्या गाडीला दोन्ही बाजूंनी कोंबड्या लटकत होत्या, आणि पाहुण्यावर गावाचा एवढा लोभ आहे हे बघून केरबाला बरं वाटलं.

मग काढणीचे दिवस आले. केरबाचा भुईमूग गावात सगळ्यांच्या आधी पेरलेला, म्हणून सगळ्यांच्या आधी तयार झाला. यंदा शेंग भरली होती. दोन एकर शेंगा, वर्षाचं तेल आणि थोरल्या लेकीचं बाळंतपण, सगळं त्या मातीत होतं. आणि पश्चिमेला ढग जमू लागले होते. पिकलेल्या भुईमुगावर पाऊस पडला की शेंगा जमिनीतच कोंब धरतात, मग ते पीक कुणाच्या उपयोगाचं राहत नाही. केरबाला पहिल्यांदाच झोप लागेना. त्यानं दुपारी फलकावर हाक टाकली, ‘उद्या माझ्या शेतात इर्जिक. पाऊस यायच्या आत भुईमूग उपटायचा आहे.’

हाक पडते न पडते तोच खाली नावांची रांग लागली. मी येतो. मी येतो. मी येतो. केरबानं मोजली तर बेचाळीस नावं. सगळ्यांत वर त्याचं स्वतःचंच नाव होतं. ते बघून तो क्षणभर चपापला, मग म्हणाला, आपल्या शेतात आपण जाणारच की.

त्याचा ऊर भरून आला. आपण गावाला एवढे हवेसे आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. अनसाबाईनं देवळातलं मोठं पातेलं आणवलं आणि दोन्ही जावांना मदतीला घेतलं. गव्हाची खीर, वांग्याची भाजी, आमटी आणि भात, असा बेचाळीस माणसांचा बेत ठरला. पहाटेपासून परसात तीन चुली पेटल्या. केरबा फोन फळीवर चार्जिंगला ठेवून, डोक्याला पटका बांधून, उजाडायच्या आत शेतावर हजर झाला.

सात वाजले. कुणी आलं नाही. आठ वाजले. एक कुत्रं आलं आणि वास घेऊन गेलं. केरबा एकटाच वेल उपटत होता. एक सरी काढून मान वर केली, की ढग आधीपेक्षा खाली आलेला दिसायचा.

साडेनऊच्या सुमाराला अनसाबाई बांधावरून झपाझप येताना दिसली. हात खिरीनं माखलेले होते आणि त्यात केरबाचा फोन होता. बरोबर नऊ वाजता बेचाळीस निरोप आले होते. प्रत्येकाच्या कंबरेत उसण भरली होती आणि प्रत्येक जण क्षमस्व होता. शब्दाला शब्द तोच.

अनसाबाईनं फोन नवऱ्यापुढे धरला आणि सगळ्यांत वरच्या निरोपावर बोट ठेवलं.

“हे बघा. आवं, तुमीसुदिक येत न्हाई म्हनताय.”

केरबा शेतात उभा होता आणि त्याच्या शेतात तो येऊ शकत नसल्याचं फलकावर सगळ्या गावासमोर लिहिलेलं होतं. फळीवरचा फोन नऊ वाजता घरातच होता, आणि हजरजबाबीनं आपलं काम चोख बजावलं होतं. सर्जेराव पारावर चार दिवस काय करत होता, तेही आता केरबाच्या ध्यानात आलं. त्याला सगळ्यांचा संताप आला. एकेकाचं नाव घेऊन त्यानं शिव्या मोजायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नावाशीच त्याला आठवलं, की ह्याच्या भांगलणीला आपण गेलो नव्हतो. त्याच्याही नाही. मग त्याला शिव्या सुचेनात.

तेवढ्यात काठी टेकत बायजाक्का आली. म्हातारी घामानं डबडबली होती. एका सकाळी बेचाळीस माणसांच्या कंबरा धरल्या हे ऐकून ती तडक निघाली होती. फलकावर केरबाचं नाव पहिलं, म्हणून ती आधी त्याच्या घरी गेली होती, आणि तो शेतात आहे हे कळल्यावर इकडे आली होती. नंतर बाकीच्या एकेचाळीस घरी जाणार होती. तिचा पाय सुजलेला केरबाला स्पष्ट दिसला.

केरबाच्या मनात एक गोष्ट आली. म्हातारी घरोघर गेली, तर तिच्या लाथेच्या धाकानं निम्मं गाव आपोआप शेतात येईल. आपण फक्त गप्प राहायचं. भुईमूगही वाचेल आणि आपली लबाडीही झाकलेली राहील. त्यानं आभाळाकडे बघितलं, मग म्हातारीच्या पायाकडे बघितलं. त्याला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी.

“अक्का, फिरू नगंस,” तो म्हणाला. “कुनाचीबी कंबार दुखत न्हाई. माजी तर कंदीच दुखली नव्हती.”

बायजाक्कानं काठीवर हनुवटी टेकवली.

“ठावं हाय मला. पायाळूच्या पायाला कळतंय, कुटली कंबार दुखतीया आन् कुटली न्हाई.”

“मग मला सहा लाथा कशापायी घातल्यास?”

“त्या दुसऱ्या दुखन्याच्या हुत्या,” बायजाक्का म्हणाली. “सातवी लागायची न्हाई आता. चल, त्या बाकीच्यांस्नी बगू.”

केरबानं तिला बैलगाडीत बसवलं आणि गाडी गावात घातली. प्रत्येक दारात तो आधी उतरायचा, सगळ्या घरादारासमोर सांगायचा, की माझी उसण खोटी होती, मी तुमच्या कामाला आलो नाही, माझं चुकलं. एवढं बोलताना पहिल्या दारात त्याची जीभ अडखळली, पाचव्या दारात कमी अडखळली. ते ऐकून काही जण मुकाट्यानं विळा-खुरपं घेऊन निघाले. काही जण बाजेवरून उठेनात, कारण एकदा विव्हळायला लागलेल्या माणसाला बायकोसमोर एकदम थांबता येत नाही. त्यांच्यासाठी बायजाक्का गाडीतून उतरायची. गावचा पैलवान म्हणवणारा एक जण तर ती उंबरा ओलांडायच्या आधीच मागच्या दारानं शेताकडे पळाला. उठायला नकार देणाऱ्या तिघांना तिनं औषध दिलं, आणि ते तिघं इतरांच्या आधी शेतात पोहोचले.

दुपारपर्यंत शेतात एकतीस माणसं होती. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. मान खाली घालून सगळे वेल उपटत होते, आणि खाली मान घातल्यानं काम झपाट्यानं होतं हे त्या दिवशी सिद्ध झालं. चार वाजता पाऊस आला. तोवर तीन हिस्से भुईमूग गोठ्यात पडला होता. चौथा हिस्सा पावसानं नेला. केरबा गोठ्याच्या दारात उभा राहून त्या भिजणाऱ्या तुकड्याकडे बघत होता. त्याला वाईट वाटलं, पण दोष कुणाला द्यावा असा प्रश्न पडला नाही. थंड झालेली खीर सगळ्यांनी गोठ्यातच, दाटीवाटीनं उभ्यानं खाल्ली.

त्या आठवड्यात गावातल्या बऱ्याच फोनमधून हजरजबाबी निघून गेली. कुणी काढली ते कुणी बोललं नाही. सर्जेराव दिवाळीला आला तेव्हा पारावर त्याच्याजवळ कुणी टेकलं नाही.

मग बायजाक्काच्या तुकड्यातलं काढणीचं काम निघालं. शेजारच्या सुनेनं तिच्या वतीनं फलकावर हाक टाकली. पूर्वी क्षणात रांग लागायची, आता फलक बराच वेळ कोरा राहिला. घराघरांत माणसं आपल्या कामाचा अंदाज घेत होती, बायकोला विचारत होती. संध्याकाळपर्यंत नऊ नावं आली. आणि त्यांच्याखाली एक निरोप आला, तसा त्या फलकावर आजवर कुणी लिहिला नव्हता. ‘उद्या मला जमणार नाही. लेकीला दवाखान्यात न्यायचं आहे. परवा सकाळी येतो. केरबा.’

सुनेनं तो वाचून दाखवला. बायजाक्कानं तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

दुसऱ्या दिवशी तिनं नऊ माणसांचा स्वयंपाक केला आणि नऊच माणसं जेवून गेली. तिसऱ्या दिवशी उन्हं यायच्या आत केरबा तिच्या बांधावर उभा होता, उरलेल्या दोन सऱ्या काढायला. बायजाक्कानं त्याला लांबूनच ओळखलं, आणि त्या एकट्या माणसासाठी पुन्हा चूल पेटवली.

तात्पर्य: ‘येतो’ हा शब्द कुणाकडूनही पाठवता येतो, पण जावं आपल्यालाच लागतं, म्हणून जाणार असू तरच ‘येतो’ म्हणावं, आणि जमणार नसेल तर सरळ ‘नाही’ म्हणावं.