दातांची खूण

त्या मुलखात सपाट जमीन कुठेच नव्हती. होता तो एकच भलामोठा उतार. वर धुकं, खाली धुकं, आणि मधल्या उजेडाच्या पट्ट्यात मेंढरांचा एक कळप. प्रत्येक मेंढराच्या तोंडात एक दोर होता. तो वरच्या धुक्यातून यायचा, दाढांखालून जायचा, आणि त्याचं उरलेलं टोक गळ्याखालच्या दाट लोकरीत कुठेतरी गुंतून पडलेलं असायचं. त्या टोकाकडे कोणी लक्ष देत नसे. उरलेल्या टोकाकडे कोण लक्ष देतं?

वर कोणीतरी आहे, याबद्दल कळपात दुमत नव्हतं. कोकरू असताना खालच्या दलदलीत रुतल्याचं प्रत्येकाला आठवत होतं. नाकातोंडात चिखल, डोळे मिटलेले, आणि मग कोणाचे तरी हात. त्या हातांनी पुढे काय काय केलं ते धांदलीत कोणालाच समजलं नाही. तोंडाशी दोर आला आणि आपण तो चावून धरला, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तेव्हापासून जो तो धरून होता.

धरून राहायचं म्हणजे खाण्याची आबाळ. ओठांच्या कडेने चार काड्या येतील तेवढ्याच. बोलायचं ते दातांच्या फटीतून. जांभई आली तर गिळायची. झोपताना शेजारणीने जबड्यावर मान टाकून तो मिटलेला ठेवायचा, मग आपण तिचा. सकाळी वळशिंगेबुवा नावाचे एक म्हातारे मेंढे कळपातून फिरत आणि प्रत्येकाच्या दोरावर दातांची ताजी खूण पाहत. खूण खोल असली की मान डोलवत. बुवा वाईट नव्हते. त्यांना खरंच सगळ्यांची काळजी होती, आणि त्या काळजीनेच त्यांनी कळपाला अर्धमेलं करून सोडलं होतं.

एखाद्याचा दोर सुटलाच तर रीत ठरलेली होती. सगळ्यांनी पाठ फिरवायची. सुटलेल्याकडे पाहिलं की पाहणाऱ्याचाही जबडा सैल पडतो, अशी समजूत. वर तोंड करून उभं राहायचं आणि घरंगळत्या दगडांचा आवाज थांबेपर्यंत मागे वळायचं नाही. मग दिवसभर वाद. कोणी म्हणे, त्याने मुळात कधी धरलाच नव्हता, नुसता तोंडात ठेवला होता. कोणी म्हणे, धरला होता, खूण आम्ही डोळ्यांनी पाहिली होती, पण गमावला. वाद मोठा कडाक्याचा होई. जबडे मात्र दोन्ही बाजूंचे सारखेच दुखत.

काजळी या वादात पडत नसे. काळ्या तोंडाची ही म्हातारी मेंढी. तिची लेक भिंगरी तीन हिवाळ्यांपूर्वी सुटली होती. भिंगरीचा एक दात वाकडा, त्यामुळे तिच्या दोरावरची खूण वेगळी पडे: दोन खोल खड्डे, मग मोकळी जागा, मग एक. एका सकाळी ती म्हणाली, "आई, मी थकले गं," आणि तेही तोंड पूर्ण उघडून. काजळीने रीतीप्रमाणे पाठ फिरवली. दगड घरंगळत गेले ते तिने शेवटच्या बारीक खड्यापर्यंत ऐकले. आपण वळून पाहिलं नाही, ही गोष्ट त्यानंतर तिच्या घशात अडकून बसली होती. लेक कुठे असेल, हे विचारायची सोय नव्हती. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं: खालच्या दलदलीत.

आता काजळीचेच दात पडू लागले. एकेक करत गेले, आणि शेवटची दाढ एका सकाळी गवताच्या काडीबरोबर बाहेर आली. तेवढ्यात बुवा समोर उभे.

"काजळीबाई, दोर नुसता ओला दिसतोय. खूण कुठाय?"

"दात गेले, बुवा. हिरड्यांनी धरलाय."

"हिरड्यांचं धरणं टिकणार किती?"

"भिंगरीचे दात शाबूत होते. ते तरी कुठे टिकले?"

 बुवा जवळ वाकले होते, म्हणून त्यांचा दोर काजळीला प्रथमच नीट दिसला. खूण खोल होती आणि तिच्यात रक्त साकळलेलं होतं.

"तुम्हालाही दुखतं की," ती म्हणाली.

"दुखतं. पण मी सोडला तर ह्यांना कोण सांगणार?" असं म्हणून ते लंगडत पुढच्या मेंढीकडे गेले.

शेजारच्या रेवडीला राहवलं नाही. "आक्का, आण इकडे. एका दाढेखाली तुझा धरते, एकीखाली माझा." आणि तिने धरलाही. दुपार कलेपर्यंत रेवडीचा जबडा थरथरू लागला, तोंडातून लाळ गळू लागली, आणि तिचा स्वतःचा दोर बोटभर बाहेर सरकला. काजळीने ते पाहिलं.

"सोड माझा," ती म्हणाली. "एकीच्या पायी दोघी नकोत."

"आक्का, पण तू?"

"मी दमले, रेवडे. खरंच दमले."

आणि तिने तोंड उघडलं. सगळ्या कळपाच्या शेपट्या तिला एका रांगेत दिसल्या. रेवडी सर्वांत शेवटी वळली. मग पायाखालचे दगड सुटले आणि काजळी घसरू लागली. घसरताना तिला भीती वाटली, पण त्याहून जास्त वाटली ती सुटका. जबडा इतक्या वर्षांनी मोकळा होता. धुक्यात बरंच खाली गेल्यावर तिच्या काखांत हिसका बसला आणि ती थांबली.

पुढच्या पायांमागून छातीभोवती एक जाड वेढा होता. त्याच्यावर उभ्या आयुष्याची लोकर वाढलेली होती, म्हणून तो कधी जाणवलाच नव्हता. त्याची गाठ पाठीवर होती. कितीही मान वळवली तरी तिचं तोंड जिथे कधी पोचलं नसतं, अशा जागी. गाठीपासून तोच, तोंडातून सुटलेला दोर सरळ वर गेला होता, ताठ.

"रेवडे! बघ गं इकडे!" तिने हाक मारली. वर वाद सुरू झाला होता. "तिने मुळात धरलाच नव्हता," कोणीतरी दातांच्या फटीतून म्हणत होतं.

काजळीने एक जांभई दिली, पुरी. मग हिरड्यांनी कोवळं गवत चघळत तिने आजूबाजूला पाहिलं. तिच्या शेजारून आणखी दोर खाली गेलेले होते, जुने, चिखलाने माखलेले, आणि एकही सैल नव्हता. त्यांतला सगळ्यात जवळचा दोर हलत होता. तो वर चालला होता, वीतभर, मग थांबून पुन्हा वीतभर.

ती त्याला गाल लावून उभी राहिली. चिखलाचा ओलावा गालावरून सरकत गेला. बऱ्याच वेळाने धुक्यातून दोरावर दोन खोल खड्डे वर आले, मग मोकळी जागा, मग एक. ते तिच्या नाकासमोरून वर गेले. खालून दगड घरंगळल्याचा आवाज येत होता आणि तो जवळ येत होता. काजळीने पाय रोवले, आणि खालच्या धुक्याकडे तोंड करून ती बघत राहिली.